औशाच्या बँडचा मधला माणूस

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, "आपल्या फोटोग्राफीच्या प्रदीर्घ कारकिर्दीविषयी लिहा." कारकीर्द हा शब्द वाचून आमच्या सौभाग्यवती चहाचा कप खाली ठेवून हसल्या. लातुरात गंजगोलाईच्या एका बोळात माझा स्टुडिओ होता. निम्मं आयुष्य लोकांचे खांदे सरळ करण्यात गेलं आणि निम्मं अंधाऱ्या खोलीत. त्याला कारकीर्द म्हणायचं असेल तर म्हणा. हजारो फोटो काढले, पण लिहावंसं वाटतं ते एकाच फोटोबद्दल. तो मी काढला नव्हता. मी तो पुसला होता.

आमचं घर आडतीचं. मोंढ्यात वडलांची गादी. थोरला पोरगा गादीवर बसायचं सोडून लोकांचे फोटो काढतो हे वडलांनी कसंबसं गिळलं. पण औशाच्या बँडमध्ये मी भोंगा वाजवतो असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघेनात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मन्मथ, आपल्यात लग्नाला बँड लावतेत. बँडमधी जात न्हाईत."

दोष माझा नव्हता, धंद्याचा होता. वरातीचे फोटो काढणारा माणूस सगळी वरात उलटा चालतो. लोकांची तोंडं गावाकडे, याचं तोंड बँडकडे. औशाच्या वराती मी अशा कितीतरी उलट्या चाललो. समोर कॉर्नेटवर करीमसाब, म्हणजे बँडचे मालक. आणि सगळ्यात मागे बाबूमियाँ, बास घेऊन. बास म्हणजे पितळेचा तो मोठा भोंगा, ज्याची नळी अजगरासारखी अंगाला वेढा घालते आणि तोंड डोक्याच्या वर उघडतं. कॉर्नेट, क्लॅरिनेट गाणं वाजवतात, लोक त्यांच्यापुढे नाचतात. बास मागे नुसता पोंम, पोंम करत असतो. वाटतं, याला काही कामच नाही. पण तो थांबला की नाचणाऱ्याचा पाय चुकतो आणि का चुकला ते त्याला कळत नाही.

एका वरातीत बाबूमियाँनं भोंग्यातून तोंड काढून मला विचारलं, "दूल्हे को छोड़के मेरेकू कैकू देखते जी?"

"तुमचा बास ऐकतोय," मी म्हणालो.

तीस वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नसावं. पुढच्या शुक्रवारी दुपारी त्यानं मला औशाला घरी बोलावलं आणि भोंगा माझ्या अंगात चढवला. मी फुंकलं. आत त्याची बायको रहेमतबी पोळ्या करत होती. तिनं बाहेर येऊन विचारलं, "भैंस किसकी आई?"

तेव्हापासून मी दर शुक्रवारी औशाला जाऊ लागलो. बासवर मला चार-पाच सूर आले. तेवढे पुरतात. बाबूमियाँ बाहेरगावी असला की करीमसाब मला उभं करायचे, मात्र मागे, उजेडापासून लांब.

बाबूमियाँचा मात्र एकही फोटो मी काढला नाही. मी म्हणायचो, स्टुडिओत या. तो गाल फुगवून हसायचा. भोंगा नसतानाही त्याचे गाल अर्धे फुगलेलेच असत. म्हणायचा, "मेरा है ना एक. तुम्हारे उस्ताद ने निकाला था, किल्ले के सामने. एक आदमी को कित्ते फोटो होना?"

माझे उस्ताद म्हणजे विश्वनाथअण्णा. निजामाच्या काळापासून लातुरात फोटो काढायचे. त्या काळी फिल्म नव्हती, काच होती. काचेवर मसाल्याचा थर असे, त्यावर उलटा फोटो उमटे. माणसाचं तोंड काळं, केस पांढरे. ती काच, म्हणजे प्लेट, जपली तर वाटेल तेव्हा त्यावरून फोटो छापता येई. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या काचांच्या पेट्या माझ्याकडे आल्या. "जप," एवढंच ते म्हणाले होते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

फोटोचा धंदा पाण्यावर चालतो हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. छापलेला फोटो तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर हायपो नावाचं औषध कागदात राहतं आणि चार-सहा महिन्यांत तोंडं पिवळी पडतात. लातुरात तेव्हा प्यायला पाणी नव्हतं. मी एकाच घागरीत सगळ्यांना धुवायचो. आधी नवरानवरी, मग बारसं, शेवटी सरकारी कामाचे फोटो. दुष्काळातली माझी गिऱ्हाइकं पुढं सगळी काविळीची निघाली.

माणसांची कामं कमी झाली, पण एक वेगळंच गिऱ्हाईक सुरू झालं. देवणीकडचा एक म्हातारा स्टुडिओच्या दारात दोन बैल घेऊन उभा राहिला. पांढरे, काळ्या ठिपक्यांचे, देवणीला असतात तसे. म्हणाला, "छावणीत चाललेत. परत येतेत का न्हाई, काय सांगावं? एक फोटो काढा. चांगला काचेत बसवून द्या. घरी देवाजवळ लावतो."

मी काढला. ते बघून दुसरा आला, मग आठवड्याला चार-पाच बैल येऊ लागले. बैल हे गिऱ्हाईक चांगलं. हलतं, पण आपला चेहरा असा का आला म्हणून भांडत नाही. अडचण एकच, फ्रेमला काच हवी. बाजारात काच येईना. आणि माझ्या कपाटात अण्णांच्या पेट्या होत्या, अगदी फ्रेमच्या मापाच्या काचांनी भरलेल्या.

मी धुण्याचा सोडा घेतला, दाढीची पत्ती घेतली आणि काचा खरवडल्या. पेटीभर. कुणाच्या आहेत ते उजेडात धरून पाहिलंही नाही, कारण पाहिलं असतं तर हात चालला नसता. ओळखीचं तोंड काळं असलं तरी ओळखू येतं.

त्यानंतर चार वर्षांनी बाबूमियाँ गेला. त्याचा बास करीमसाबांनी माझ्या अंगात चढवला, आणि या वेळी तो परत घेतला नाही.

पुढे लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला खेटे घालणाऱ्या आमच्या गावाला एका दिवसात कलेक्टर आला, जीपगाड्या आल्या, पाट्या आल्या. जिल्हा नवा असला की त्याला इतिहास लागतो. एक तरुण साहेब स्टुडिओत आले. ते जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होते. "तुमच्या गुरूंनी औशाच्या बँडचा किल्ल्यापुढे फोटो काढला होता म्हणे. तो मोठा करून दर्शनी लावू."

मी मोठ्या रुबाबात पेटी काढली. झाकणाच्या आत अण्णांनी स्वतःच्या अक्षरात यादी चिकटवलेली होती. "औसा बँड, किल्ला" असं लिहिलेलं सापडलं. त्या क्रमांकाची खाच रिकामी होती. शेजारच्याही सगळ्या रिकाम्या होत्या. ही तीच पेटी.

"शोधून ठेवतो," मी साहेबांना म्हणालो.

बातमी औशाला पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं करीमसाब हजर. अंगात शेरवानी. "मन्मथ, पिलेट निकाल. अब सारे जिल्हे को मालूम होने दे, बीच में कौन था."

हे 'बीच में' प्रकरण सांगायला हवं. त्या फोटोनंतर करीमसाबांचं आणि क्लॅरिनेटवाल्या नरसिंगरावांचं भांडण झालं होतं. दोघंही म्हणत, फोटोत मधोमध मीच होतो, म्हणजे बँड माझा. त्यावरून नरसिंगराव बँड सोडून नांदेडला गेले, नोकरीला लागले, निवृत्त झाले. तीस-पस्तीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. आणि निकाल देणारी काच मी बैलाच्या फोटोवर बसवून टाकली होती.

"शोधून राहिलो, करीमसाब," मी म्हणालो.

ते दर दोन दिवसांनी येऊ लागले. शेवटी कळलं की नरसिंगरावांकडे त्या फोटोची एक छापील प्रत आहे. मी नांदेडची गाडी धरली. अहमदपूर, लोहा करत गाडीत बसून मी देवाला एवढंच मागत होतो, ती प्रत धड असू दे.

नरसिंगराव गोदावरीच्या बाजूला दोन खोल्यांत राहत. कपाळाला गंध, तोंडात दात नाहीत, आवाज अजून क्लॅरिनेटसारखा टोकदार. त्यांनी भिंतीवरची फ्रेम काढून माझ्या हातात दिली. किल्ल्याचा दरवाजा होता. डावीकडे ढोलवाले दोघे भाऊ, उजवीकडे झांजवाला, ट्रंपेटवाले. एवढे सगळे दिसत होते. आणि बरोबर मधे, वाळवीनं खाल्लेलं, तळहाताएवढं भोक. मधली तिघं सबंध त्यात गेलेली.

"हे इथं," नरसिंगराव भोकावर बोट ठेवून म्हणाले, "मी हाय."

"इथं तर कुणीच नाही," मी म्हणालो.

"आता न्हाई. आधी होतो."

परतीच्या गाडीत मला कल्पना सुचली. काच नाही, प्रत फुटकी. तर मग तो फोटो परत काढायचा. तीच जागा, तेच कपडे, जे उरलेत ते वाजवणारे. साहेबांना सांगितलं. तरुण माणूस, खूश झाला. भोकाचा जुना आणि धड नवा, दोन्ही शेजारी लावू म्हणाला. नऊ जणांपैकी चार उरले होते. करीमसाब, नरसिंगराव आणि ढोलवाले भाऊ हुसेन आणि चाँद. पाचवा मी, बाबूमियाँच्या जागी.

जुने लाल कोट करीमसाबांच्या ट्रंकेत होते. पस्तीस वर्षांत कोट तेवढेच राहिले आणि माणसं वाढली. यावर आमच्या धंद्यात उपाय आहे. कोट पाठीमागे उभा फाडायचा, पुढून बटणं लावायची, मागे टाचण्या. फोटोला पाठ नसते. नरसिंगरावांची पाठ सबंध उघडी राहिली, पण पुढून ते जहागीरदार दिसत होते.

औशाच्या किल्ल्यापुढे सकाळी सगळे जमले. बघायला अर्धा बाजार आला. करीमसाब आणि नरसिंगराव एकमेकांकडे न बघता उभे राहिले आणि माझ्यामार्फत बोलू लागले.

"मन्मथ, इनकू बोलो, जरा बाजू हटना."

"मन्मथ, त्याला सांग, मी नांदेडहून बाजूला हटायला आलेलो न्हाई."

"इनकू बोलो, पिलेट मिलने दे, फिर इनका मुँह देखता मैं."

"सांग त्याला, मी बी त्याचीच वाट बघून राहिलो."

मी भोंगा अंगात घेऊन दोघांच्या मधे उभा. हे निरोप इकडून तिकडे देता देता माझ्यात काहीतरी मोडलं. मी म्हणालो, "प्लेट मिळणार नाही. प्लेट नाही. दुष्काळात मी ती खरवडली. फ्रेमला काच नव्हती."

करीमसाबांनी हळूच विचारलं, "किसके फोटो पे लगाया?"

"बैलाच्या."

"बैल?"

"देवणीच्या."

करीमसाबांनी नरसिंगरावांकडे पाहिलं. नरसिंगरावांनी करीमसाबांकडे. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"सुनते क्या नरसिंग? अपने ऊपर बैल बिठाया इसने!"

"ऐकलं की! आरं, ह्याला अण्णानं शिकवलं का गुराच्या डॉक्टरनं?"

"मैं बोलता था तेरेकू, ये बनिये की औलाद..."

"तू कधी बोलला? तू बोलतच नव्हता माझ्यासंगं!"

त्यानंतर दोघांनी मिळून माझा जो उद्धार केला तो छापता येणार नाही. माझे आजोबा, माझा कॅमेरा, माझे पाच सूर, काहीच सुटलं नाही. एक दमला की दुसरा उचलायचा. वाजवताना त्यांची अशी जुगलबंदी व्हायची असं जुने लोक सांगत, ती मला त्या दिवशी ऐकायला मिळाली. शेवटी दोघं ढोलावर शेजारी शेजारी टेकले आणि कुणीतरी आणलेलं पाणी एकाच तांब्यातून प्यायले.

तेव्हा थोरला ढोलवाला हुसेन बोलला. त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे भांडण कशावरून होतं हे त्याला पस्तीस वर्षं नीट कळलंच नव्हतं. कुणीतरी कानाशी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "बीच में? बीच में तो बाबूमियाँ था. भोंगा इत्ता बडा. अण्णा बोले, बाजू खडा रहा तो दूसरे का मुँह ढकता. इसलिए उसकू बीच में लिया. तुम दोनों तो इधर-उधर थे."

करीमसाब आठवत राहिले. मग म्हणाले, "हौ. मेरे कान के पीछे पोंम-पोंम करके चिढ़ाता था." नरसिंगरावांनी मान हलवली. त्यांनाही आठवलं होतं.

मग फोटो. दुसऱ्याच्या हाती मी कॅमेरा देत नाही, त्यामुळे चापाला चावी देऊन मीच पळायचं ठरलं. चावी दिल्यावर दहाएक सेकंदांत चाप आपोआप पडतो. तेवढ्यात पंधरा पावलं पळायचं, चाँदनं धरून ठेवलेल्या भोंग्यात खालून घुसायचं आणि इतिहासातल्यासारखं उभं राहायचं. पहिल्या खेपेला फोटोत माझी फक्त पाठ आली. दुसऱ्या खेपेला मी घुसलो, पण भोंग्याचं तोंड नरसिंगरावांच्या डोक्यावर बसलं. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं आणि नेमक्या वेळी नरसिंगरावांच्या टाचण्या सुटून कोट उघडला. चौथ्या खेपेला जमलं. मी मधे, धापा टाकत, तोंड उघडं.

प्रदर्शनाला गर्दी झाली. दोन्ही फोटो शेजारी लावलेले. लोक भोकाकडे बघत आणि मग नव्याकडे बघत. एका म्हाताऱ्यानं तर माझ्यावर बोट ठेवून नातवाला सांगितलं, "ह्यो बाबूमियाँ. काय वाजवायचा!" मी शेजारीच उभा होतो. दुरुस्त करावं असं वाटलं, पण करीमसाबांनी माझं मनगट दाबलं.

दुपारी औशाच्या गाडीनं रहेमतबी आली. ती येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती आधी भोकासमोर बराच वेळ उभी राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय खरवडलं होतं. दोन म्हाताऱ्यांचं भांडण तर मिटलं होतं. हिच्याकडे मात्र नवऱ्याचा दुसरा फोटोच नव्हता. एक आदमी को कित्ते फोटो होना, असं म्हणणारा नवरा, आणि तो एक मी पुसलेला.

"चाची," मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"मालूम है. करीमभाई बोले." तिनं नवा फोटो जवळून बघितला. "ये क्या खड़ा है तू? मुँह खुला, जैसे बस छूट गई. वो ऐसा नहीं था."

"कसा होता?"

"घर को आ. बताती मैं."

पुढच्या शुक्रवारी मी कॅमेरा, भोंगा, कोट सगळं घेऊन औशाला गेलो. तिनं मला अंगणात उभं केलं. टोपी डाव्या भुवईवर ओढली. उजवा खांदा खाली दाबला, म्हणाली, भोंग्यानं त्याचा हा खांदा पडला होता. एक पाय पुढे घ्यायला लावला. वीस-पंचवीस वर्षं मी लोकांना उभं करत आलो, मला असं कुणी उभं केलं नव्हतं. मग ती मागे सरली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "गाल फुला. भोंगा नक्को लगा मुँह को. सिरफ गाल."

मी चावी देऊन आलो, टोपी, खांदा, पाय जागच्या जागी आणले आणि गाल फुगवले. कॅमेऱ्याची घरघर झाली. खट् करून चाप पडला. फोटो निघाला होता. मी श्वास सोडणार, तेवढ्यात रहेमतबीनं हात वर केला.

"ठैर जरा," ती म्हणाली. "इत्ते में मत छोड़."

मी गाल फुगवून उभा राहिलो.